कणकुंबी, लोंढा, जोयडा बाजूला पोस्टिंग: घरभाडे भत्ता, क्वार्टर आणि बाकीचे भत्ते

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटी, नागरगाळी, लोंढा किंवा तिकडे जोयड्याला बदली झाली की पहिला प्रश्न ठरलेला: "जंगलातलं पोस्टिंग आहे, जादा काय मिळतं?" याचं एका ओळीत उत्तर नाही. विचारणारा केंद्र सरकारचा, कर्नाटक सरकारचा की ग्रामीण डाक सेवक, त्यावर सगळं ठरतं. म्हणून विचारताना आधी आपलं खातं सांगा.

आपल्या भागातला सगळ्यात मोठा घोळ वेगळाच आहे. मोबाईलवर मराठीत जे भत्त्याचे आदेश फिरतात, ते बहुतेक महाराष्ट्र शासनाचे असतात. एकस्तर वेतनश्रेणी, आदिवासी भागातला प्रोत्साहन भत्ता, मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव, हे सगळं महाराष्ट्राच्या कर्मचाऱ्यांसाठी. खानापूरच्या शिक्षकाला किंवा वनरक्षकाला त्यातलं काहीच लागू नाही. आपला आदेश कन्नडमध्ये येतो, म्हणून तो वाचायचा राहून जातो आणि शेजारच्या राज्याचा मराठीत आहे म्हणून आपला वाटतो. वर "शासन निर्णय" असं छापलं असेल तर तो कागद आपला नव्हे, एवढं पहिल्यांदा बघा.

कन्नड कागदावरचे नेहमीचे शब्द असे. मूल वेतन म्हणजे मूळ पगार. तुट्टी भत्ये म्हणजे महागाई भत्ता. मने बाडिगे भत्ये म्हणजे घरभाडे भत्ता. वर्गावणे म्हणजे बदली. आणि जपून राहायचा शब्द म्हणजे वसती गृह. मराठीत वसतिगृह म्हटलं की मुलांचं होस्टेल डोळ्यापुढं येतं, कन्नडमध्ये मात्र तो सरकारी क्वार्टर आहे. "सरकारी वसती गृहात राहता का" या रकान्यात होस्टेल समजून "नाही" लिहिलं, तर ते चुकीचं प्रतिज्ञापत्र ठरतं आणि पुढं वसुली लागते.

जांबोटीवाट
चांगला धागा काढलात दादा. पहिला प्रश्न माझा. केंद्राच्या खात्यातला कर्मचारी, ऑफिस खानापूर तालुक्यात, बिऱ्हाड बेळगावात टिळकवाडीला. भाडं बेळगावच्या दरानं भरतोय, तर घरभाडे भत्ता बेळगावचा मिळायला नको का?

बिलसेक्शन
नाही मिळत. घरभाडे भत्ता ऑफिस जिथं आहे त्या गावाच्या दरानं, राहता त्या गावाच्या नव्हे. यात साहेबाला काही अधिकार नाही.

केंद्राचे दर बघा. शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय आणि झेड. ५० लाखांवर लोकसंख्या असेल तर एक्स, ५ ते ५० लाख वाय, त्याखाली सगळं झेड. कर्नाटकात एक्स फक्त बेंगळूर. वायमध्ये बेळगाव, हुबळी-धारवाड, म्हैसूर, मंगळूर आणि कलबुर्गी. खानापूर, लोंढा, चिक्कोडी, निपाणी, अथणी, कारवार, हल्याळ सगळी झेड. सातव्या वेतन आयोगात दर २४, १६ आणि ८ टक्के होते. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला तेव्हा २७, १८ आणि ९ झाले. जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला, तेव्हापासून ३०, २० आणि १०.

केंद्राच्या वेतन तक्त्यातल्या लेव्हल ५ च्या सुरुवातीच्या २९,२०० मूळ पगारावर बेळगावात ५,८४० मिळतात, खानापुरात २,९२०. महिन्याला २,९२० चा फरक. हा फरक डोळ्यापुढं असतो, म्हणून बेळगावची भाडेपावती जोडून वरच्या दराची मागणी होते. बिल करणाऱ्याच्या नजरेतून निसटलं तर दोन-तीन वर्षं चालतंही, मग तपासणीत सापडतं आणि सगळं एकदम कापलं जातं.

आणखी एक गैरसमज काढून टाका. भत्ता मिळायला भाडेपावती लागतच नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्यालाही भत्ता आहे. पावती लागते ती आयकरात सूट घेताना, तीही जुनी करपद्धत घेतली तरच. नव्या पद्धतीत घरभाड्याची सूट नाही. जुन्या पद्धतीत मिळालेला भत्ता, मूळ पगार अधिक महागाई भत्त्याचे ४० टक्के, आणि भाड्यातून याच बेरजेचे १० टक्के वजा करून उरेल ती रक्कम, या तिन्हींत जे कमी तेवढं करमुक्त. वर्षाचं भाडं १ लाखावर गेलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो.

सांबराफाटा
पण शहराला लागून असलेल्या ऑफिसांना शहराचा दर मिळतो ना? ८ किलोमीटरचं काहीतरी ऐकलंय.

बिलसेक्शन
होय, ते खरं आहे. पण त्याला अटी आहेत आणि त्या अटींवरच प्रकरणं अडकतात.

बेळगावचं नाव यादीत "नागरी समूह" म्हणून आहे. म्हणजे महापालिका, कॅन्टोन्मेंट आणि जनगणनेत त्या समूहात मोजलेली लगतची गावं. ऑफिस यातल्या एखाद्या गावात असेल तर सरळ वायचा दर, वेगळं काही लागत नाही. म्हणून आधी २०११ च्या जनगणनेतली समूहाची यादी काढून गावाचं नाव शोधा.

यादीत नसेल तर ८ किलोमीटरचा नियम. अंतर शहराच्या पालिका हद्दीपासून मोजायचं. चन्नम्मा सर्कलपासून मोजलेलं चालत नाही, स्टँडपासूनचं तर नाहीच. त्या ८ किलोमीटरच्या आत दुसरी उपनगरी पालिका, अधिसूचित क्षेत्र किंवा कॅन्टोन्मेंट नसावं. आणि ती जागा रोजच्या गरजांसाठी, म्हणजे धान्य, दूध, भाजी, जळण यांसाठी, साधारणपणे त्या शहरावर अवलंबून आहे असा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला हवा. दाखला ३ वर्षं चालतो. प्रकरणं मोडतात ती इथंच: दाखल्याची मुदत संपते, नव्याची फाईल कुणी हलवत नाही, दर मात्र वायचाच चालू राहतो. मुदत संपायच्या सहा महिने आधी अर्ज टाका. तो एका माणसाच्या नावानं नको, ऑफिसच्या नावानं जाऊ द्या.

निपाणीकर
राज्य सरकारच्या लोकांचं काय? आमच्या बाजूला शिक्षक, तलाठी, आरोग्य खात्याची माणसं जास्त.

मलप्रभाकाठ
राज्याचा हिशेब वेगळा. सातव्या राज्य वेतन आयोगाप्रमाणं १ ऑगस्ट २०२४ पासून प्रत्यक्ष पैसे सुरू झाले. पगारनिश्चिती १ जुलै २०२२ ची धरली, पण मधल्या काळाचा फरक मिळाला नाही. किमान मूळ पगार १७,००० वरून २७,००० झाला आणि घरभाडे भत्त्याचे दर २४, १६, ८ वरून २०, १५, ७.५ टक्क्यांवर आले.

"दर कमी केला" म्हणून लोक नाराज आहेत, पण रुपयात मांडून बघा. तालुक्याच्या गावात १७,००० वर ८ टक्क्यांनी १,३६० मिळत होते, आता २७,००० वर साडेसात टक्क्यांनी २,०२५. बेळगाव शहरात २,७२० चे ४,०५० झाले. खरी अडचण दुसरीच आहे. कणकुंबीत भाड्यानं चांगलं घर मिळत नाही म्हणून माणूस खानापुरात नाहीतर बेळगावात राहतो, भाडं तिथलं भरतो, वर रोजचा प्रवास, आणि भत्ता साडेसात टक्के. घर मिळत नाही अशा गावाचा दर सगळ्यात कमी, हे लोकसंख्येवर वर्ग पाडल्यामुळं होतं. माझ्या मते हे चुकीचं आहे. दुर्गम गावासाठी घराच्या उपलब्धतेवर वेगळा विचार व्हायला हवा आणि संघटनांनी तो मुद्दा धरून ठेवावा.

तोवर हातात आहे ते करा. पगार एचआरएमएसमधून, म्हणजे राज्याच्या पगाराच्या संगणक प्रणालीतून निघतो, त्यात कामाचं ठिकाण चुकीचं पडलेलं असतं. बदलीनंतर पहिल्याच पगारपत्रकात टक्केवारी तपासा. चूक तुमच्या फायद्याची असली तरी लेखी कळवा, कारण वसुली तुमच्याकडूनच होते.

अथणीवाला
सीमाभाग म्हणून काही भत्ता असतो का? आणि बिदर बाजूला ३७१ जेचा भत्ता मिळतो म्हणतात, ते?

मलप्रभाकाठ
दोन्ही नाही. राज्याच्या सीमेवर आहे म्हणून पगारात कुठला भत्ता नाही. सीमा भाग विकास प्राधिकरणाचा पैसा गावांच्या विकासकामांना जातो, त्याचा पगाराशी संबंध नाही. घटनेचं ३७१ जे कलम कल्याण कर्नाटकासाठी (पूर्वीचा हैदराबाद-कर्नाटक) आहे, त्यात बिदर येतो, म्हणजे भालकी, औराद, बसवकल्याण. बेळगाव त्यात नाही. त्यातून शिक्षणात आणि नोकरीत स्थानिकांना आरक्षण मिळतं, भत्ता मिळत नाही.

जांबोटीवाट
मग केंद्राचा तो दुर्गम ठिकाणांचा भत्ता? भीमगड अभयारण्याच्या बाजूला, हेमाडगा-तळेवाडीकडं काम करणाऱ्यांना तो लागू व्हायला हवा. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की तिकडं पोचणंच अवघड.

बिलसेक्शन
ताई, त्याला टफ लोकेशन अलाउन्स म्हणतात. जुलै २०१७ पासून सुरू झाला. त्याआधीचे दुर्गम भाग, वाईट हवामान, आदिवासी क्षेत्र असे सुटे सुटे भत्ते यात एकत्र केले. तीन वर्ग आहेत. लेव्हल ८ पर्यंत पहिल्या वर्गाला ४,१००, दुसऱ्याला २,७००, तिसऱ्याला १,०००. लेव्हल ९ पासून वर ५,३००, ३,४०० आणि १,२००. महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावर यात २५ टक्के वाढ धरली आहे, म्हणजे तिसऱ्या वर्गाचे १,००० चे १,२५० आणि १,२०० चे १,५००.

पण हा भत्ता जागा किती अवघड आहे ते बघून मिळत नाही. आदेशाला जोडलेल्या यादीत राज्यावार जागांची नावं आहेत. तुमच्या ठिकाणाचं नाव त्यात असेल तर मिळतो, नसेल तर नाल्याला कितीही पाणी येऊ दे, मिळत नाही. ऑफिसला विचारताना "आमचा भाग दुर्गम आहे" असं लिहू नका. "यादीच्या अमुक परिशिष्टात अमुक नाव आहे, माझं मुख्यालय त्यात येतं" असं लिहा. पहिल्या अर्जाला "विचार करता येत नाही" एवढंच उत्तर येतं, दुसऱ्याला कारण द्यावं लागतं.

ईशान्येकडं पोस्टिंग असलेल्यांसाठी एक सूचना, आपल्या भागातले बरेच जण तिकडं असतात. तिथं मूळ पगाराच्या १० टक्के विशेष कर्तव्य भत्ता मिळतो. तो आणि टफ लोकेशन अलाउन्स दोन्ही एकदम मिळत नाहीत, एक निवडावा लागतो. मूळ पगार किती त्यावर हिशेब करून निवडा.

लोंढा_जंक्शन
रेल्वेवाल्यांसाठी थोडं लिहितो. लोंढा, कॅसलरॉक, तिनईघाट इथं रेल्वेचे क्वार्टर आहेत. क्वार्टर मंजूर झाल्याचा कागद हातात आला की घड्याळ सुरू होतं. ताबा घेतला त्या दिवसापासून, नाहीतर मंजुरीनंतर आठव्या दिवसापासून, जे आधी येईल तेव्हा घरभाडे भत्ता थांबतो. बरेच जण "बघू, पावसाळा गेल्यावर जाऊ" म्हणून कागद खिशात ठेवतात. तिकडं भत्ता बंद झालेला असतो आणि इकडं भाडं चालूच.

बदली झाल्यावर जुना क्वार्टर २ महिने नेहमीच्या भाड्यानं ठेवता येतो. त्यापुढं मुलांचं शिक्षण किंवा आजारपण या कारणानं आणखी ६ महिने, दुप्पट लायसन्स फीनं, पण अर्ज करून आणि परवानगी घेऊन. परवानगीशिवाय राहिलात तर क्षेत्रफळावर दंडाचं भाडं लागतं, ते परवडणारं नाही.

हल्याळनाका
नवरा-बायको दोघं नोकरीत असतील तर?

बिलसेक्शन
दोघांपैकी कुणालाच सरकारी घर नसेल तर दोघांनाही आपापला भत्ता. एकाला त्याच गावात सरकारी घर मिळालं असेल तर केंद्राच्या नियमाप्रमाणं दुसऱ्याला भत्ता नाही, तो त्या घरात राहत नसला तरी. उदाहरणार्थ, बायको पोलिसात आणि पोलिस क्वार्टर तिच्या नावावर, नवरा त्याच गावात पोस्टात. नवऱ्याचा भत्ता बंद. आईवडिलांना किंवा मुलामुलीला मिळालेल्या सरकारी घरात राहत असाल तरी तेच. दरवर्षीच्या प्रतिज्ञापत्रात ही माहिती खरी भरा.

टपालवाट
पोस्टाची दोन प्रकरणं वेगळी आहेत, ती इथं नोंदवतो.

उपडाकघराला जोडून पोस्टमास्तरसाठी क्वार्टर असेल तर तो पदाला जोडलेला असतो. मास्तर तिथं राहो न राहो, घरभाडे भत्ता नाही. घर राहण्याजोगं नसेल तर ते पदापासून सोडवून घ्यावं लागतं, त्याला खात्यात डीक्वार्टराइज करणं म्हणतात. त्याचा आदेश निघाला की मगच भत्ता. मागच्या तारखेचा भत्ता मिळवणं फार जड जातं, म्हणून रुजू होताच अर्ज, फोटो आणि अभियंत्याच्या अहवालाची मागणी एकाच दिवशी द्या.

ग्रामीण डाक सेवकांना घरभाडे भत्ता नाही. शाखा डाकपालाला ऑफिसच्या गावातच राहावं लागतं आणि जागेची सोयही त्याचीच. नेमणूक घेण्याआधी त्या गावात रस्त्यालगत, मोबाईलची रेंज मिळेल अशी खोली आहे का ते बघून घ्या. जंगलपट्ट्यातल्या गावात रेंजचाच प्रश्न मोठा.

जांबोटीवाट
क्वार्टर ताब्यात घेताना काय बघायचं तेही कुणीतरी लिहा. कणकुंबीकडचे जुने कौलारू क्वार्टर बाहेरून बरे दिसतात.

लोंढा_जंक्शन
ताबा शक्यतो पहिल्या जोरदार पावसानंतर घ्या. उन्हाळ्यात घ्यावा लागला तर दुपारी दार-खिडक्या लावून आत अंधार करा आणि वर बघा. कौलांतून उजेडाचे ठिपके दिसतील. जितके ठिपके तितक्या गळत्या. ठिपके भिंतीलगत आणि आढ्याच्या कोनाखाली जास्त असतील तर कौलं फुटलेली नाहीत, सरकलेली आहेत, ती दिवसाभरात बसवून होतात. ठिपका नाही पण वाशावर काळी ओघळ आहे, तर लाकूड कुजतंय. किल्ली टोचून बघा. सहज आत गेली तर वासा बदलल्याशिवाय ताबा घेऊ नका.

घाटमाथ्यावरचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, पश्चिमेकडून. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून बघा. पांढरी भुकटी हाताला लागली, पोपडे सुटले, तर ती भिंत चार महिने ओली राहते. त्या भिंतीला कपाट, पुस्तकं, धान्याची पिंपं लावू नका. बाहेरून पावसाळ्याआधी ताडपत्री बांधून घ्या.

मग वीज. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मीटरचा आर. आर. नंबर, म्हणजे ग्राहक क्रमांक, आणि त्या दिवसाचं रीडिंग ताबा पावतीवर लिहा. थकबाकी त्या नंबरावर असते, माणसाच्या नावावर नव्हे. आधीचा माणूस बिल न भरता गेला असेल तर लाईन तुमची तुटते. थकबाकी नसल्याचा कागद आधी मागा.

नळ, ट्यूब, कड्या, काचा, संडासाचं दार, पाण्याची टाकी, सगळं मोजून पावतीवर. फुटलेलं "फुटलेलं" म्हणूनच लिहा. नाहीतर सोडताना भरपाई तुमच्यावर.

निपाणीकर
आणि घर राहण्यालायक नसेल तर?

बिलसेक्शन
तोंडी नकार देऊ नका. नकार नोंदला गेला की "घर उपलब्ध होतं, घेतलं नाही" असं धरून भत्ता बंद होतो. मंजुरीच्या कागदावरच "घर राहण्यास अयोग्य, तपासणी व्हावी" असं लिहून पोच घ्या. फोटो तारखेसह लावा. कार्यकारी अभियंत्यांचा अयोग्यतेचा दाखला आला की ते घर उपलब्ध घरांतून वगळलं जातं आणि भत्त्याचा अडथळा जातो. दाखला यायला महिने लागतात, म्हणून पहिल्या अर्जाची तारीख आणि पोच जपून ठेवा.

सांबराफाटा
बदलीच्या खर्चाचं राहिलं. बेळगावहून खानापूरला सामान नेलं तर काय मिळतं?

बिलसेक्शन
केंद्रात, एका मुख्यालयातून दुसऱ्याला बदली होऊन घर हलवलं तर मूळ पगाराच्या ८० टक्के एकरकमी अनुदान. २९,२०० वर २३,३६० होतात. अंतर २० किलोमीटरपेक्षा कमी असेल तर त्याचा एक तृतीयांश, तोही घर खरोखर बदललं तरच. खानापूर बेळगावपासून २० च्या पुढं आणि ३० च्या आत आहे, म्हणजे पूर्ण अनुदान बसतं. बिलाला अंतराचा पुरावा जोडा, नाहीतर "जवळच आहे" म्हणून एक तृतीयांशावर आणतात.

सामानाचे पैसे वेगळे. लेव्हल ५ ला ३,००० किलोपर्यंत, किलोमीटरला २५ रुपये मूळ दर, महागाई भत्ता ५० टक्के झाल्यावरच्या वाढीनंतर ३१.२५. लेव्हल ४ पर्यंत १,५०० किलो आणि मूळ दर १५. लेव्हल ६ ते ११ ला ६,००० किलो आणि ५०. जवळच्या बदलीत हा दर टेंपोला पुरत नाही. ३० किलोमीटर धरले तरी लेव्हल ५ ला ९३७ रुपये होतात, टेंपोवाला त्याच्या कितीतरी पट घेतो. उरलेला खर्च त्या एकरकमी अनुदानातून भागवायचा असतो. बिल ६० दिवसांत द्या. कुटुंब नंतर येणार असेल तर बदलीनंतर ६ महिन्यांच्या आत आलेल्यांचा प्रवासखर्च मिळतो.

मुलं बेळगावला होस्टेलात ठेवणार असाल तर होस्टेल सबसिडी आता महिन्याला ८,४३७.५० आहे, शिक्षण भत्ता २,८१२.५०. पण होस्टेल घरापासून ५० किलोमीटरच्या बाहेर हवं. खानापुरात राहून बेळगावचं होस्टेल दाखवलं तर सबसिडी नाही, फक्त शिक्षण भत्ता. चिक्कोडी किंवा अथणीला राहणाऱ्याला बेळगावचं होस्टेल चालतं.

जांबोटीवाट
धन्यवाद सर. आमच्या बाजूच्या लोकांसाठी विचारते, कणकुंबीहून बेळगावचं होस्टेल ५० किलोमीटरमध्ये बसतं की बाहेर जातं? रस्ते दोन आहेत, जांबोटीवरून आणि खानापूरवरून.

बिलसेक्शन
शाळेचा आणि घराचा पत्ता धरून सार्वजनिक बांधकाम खात्याकडून अंतराचा दाखला घ्या, जवळच्या रस्त्यानं. मोबाईलच्या नकाशाचा कागद लेखा विभाग परत पाठवतो. लांबचा रस्ता दाखवून ५० भरवू नका, परत केलेलं बिल पुढच्या वर्षीही त्याच शेऱ्यासकट निघतं.